स्वतःचा व्यवसाय सुरू करताना स्त्रियांनी भांडवलाआधी काय ठरवावे

विकसनशील देशांत व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या स्त्रीला मिळणारा सल्ला बहुधा कर्जापासून सुरू होतो आणि हिशेबाच्या प्रशिक्षणापाशी थांबतो. कर्जही लागते आणि हिशेबही यावा लागतो, यात वाद नाही. परंतु गेल्या वीसएक वर्षांत आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील छोट्या व्यावसायिकांवर झालेले काळजीपूर्वक अभ्यास एकत्र ठेवून पाहिले, तर स्त्रियांचे व्यवसाय लहान राहण्यामागे धंद्याच्या समजेपेक्षा ताब्याचा प्रश्न मोठा असल्याचे दिसते. हाती आलेला पैसा, दिवसातले तास आणि व्यवसायाची निवड या तिन्हींवर त्यांचा पुरेसा अधिकार नसतो. थोड्या भांडवलावर, घरची जबाबदारी सांभाळून स्वतःचे काही उभे करू पाहणाऱ्या स्त्रीने पैसा हाती येण्यापूर्वी या तीन बाबींची व्यवस्था कशी लावावी, हे येथे मांडले आहे.

आपले कारण लिहून काढावे

व्यवसाय सुरू करण्यामागची कारणे सांगताना अभ्यासक साधारणपणे दोन गट करतात. दुसरा मार्गच नाही म्हणून केलेला व्यवसाय, आणि चांगली संधी दिसली म्हणून केलेला व्यवसाय. १९९९ पासून अनेक देशांत होत आलेली ‘ग्लोबल आंत्रप्रन्युअरशिप मॉनिटर’ ही पाहणीही दीर्घकाळ हाच भेद वापरत आली. प्रत्यक्षात मात्र एकाच स्त्रीच्या मनात अनेक कारणे एकत्र नांदतात. घरात येणारी मजुरी पुरत नाही, नोकरीच्या ठिकाणी तासांची सवलत मिळत नाही, मुलांच्या शिक्षणासाठी कोणापुढे हात पसरायचा नाही, हातात कसब आहे, कोणाच्या हाताखाली राहायचे नाही, पती वारला किंवा सोडून गेला, घरातल्या निर्णयांत आपला शब्द चालावा असे वाटते. यांतील कोणतेही कारण दुसऱ्यापेक्षा कमी प्रतीचे नाही, आणि ‘गरजेपोटी केलेला धंदा’ असे म्हणताना त्यात जो हलकेपणा सूचित केला जातो तो मला अन्यायकारक वाटतो. गरजेपोटी सुरू झालेले अनेक व्यवसाय पुढे दहा-दहा माणसांना काम देतात.

कारण लिहून काढायचे ते व्यवसायाचा आकार त्यावरून ठरवता यावा म्हणून. घरखर्चाला लगेच हातभार हवा असेल, तर रोज किंवा आठवड्याला रोकड फिरेल आणि जागेचे भाडे, यंत्राचा हप्ता असे ठरावीक खर्च कमीत कमी असतील असे काम निवडावे. वेळेची मोकळीक हे मुख्य कारण असेल, तर आधी मागणी घेऊन मग माल करण्याची पद्धत सोयीची ठरते. दिवसभर दुकान उघडे ठेवावे लागणारा व्यवसाय नोकरीपेक्षा अधिक बांधून ठेवतो, हे अनेकींना उशिरा कळते. आणि व्यवसाय वाढवायचाच असेल, तर घराबाहेरची जागा आणि पहिला मदतनीस या दोन गोष्टींचा खर्च सुरुवातीपासून हिशेबात धरावा.

कारणासमोर एक आकडाही लिहावा. दरमहा स्वतःसाठी किती रक्कम निघायला हवी, आणि ती किती महिन्यांनी निघू लागली नाही तर आपण फेरविचार करू, एवढे दोनच आकडे पुरतात. ते आधी लिहिलेले नसले, की तोट्यातला व्यवसाय केवळ भिडेखातर वर्षानुवर्षे चालवला जातो.

सवयीचा व्यवसाय निवडण्यापूर्वी कमाईची चौकशी करावी

जगात बहुतेक ठिकाणी स्त्रियांचे छोटे व्यवसाय शिवणकाम, केशभूषा, तयार खाद्यपदार्थ आणि किरकोळ विक्री अशा मोजक्या क्षेत्रांत एकवटलेले आढळतात. या क्षेत्रांत शिरणे सोपे असल्यामुळेच तेथे गर्दी होते आणि गर्दीमुळे नफा आटतो. युगांडातील एका अभ्यासात धातुकाम, सुतारकाम, वाहनदुरुस्ती यांसारख्या पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या क्षेत्रांत गेलेल्या स्त्रियांची तुलना ‘बायकांच्या’ व्यवसायांत राहिलेल्या स्त्रियांशी केली गेली. क्षेत्र ओलांडून गेलेल्या स्त्रिया त्याच क्षेत्रातील पुरुषांइतके कमावत होत्या आणि इतर स्त्रियांच्या सुमारे तिप्पट. यापेक्षाही विचार करायला लावणारी बाब अशी, की जुन्या क्षेत्रांत राहिलेल्या बऱ्याच स्त्रियांना हा फरक माहीतच नव्हता. आपण कमी कमावतो आहोत याची त्यांना कल्पना नव्हती, कारण त्यांच्या ओळखीत दुसऱ्या क्षेत्रातले कोणी नव्हते.

म्हणून निवड करण्याआधी किमान चार-पाच वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसांशी बोलावे आणि त्यांत जेथे स्त्रिया सहसा दिसत नाहीत असे एक-दोन व्यवसाय मुद्दाम घ्यावेत. किती कमावता असे थेट विचारले, की माणसे संकोचतात किंवा फुगवून सांगतात. त्याऐवजी महिन्याला किती गिऱ्हाइके येतात, एका कामाला माल किती लागतो, उधारी किती दिवस थकते, मंदीचे महिने कोणते, हे विचारून आकडा आपला आपण काढावा. क्षेत्र ओलांडलेल्या स्त्रियांना त्या वाटेवर आणणारे बहुधा त्या व्यवसायातलेच कोणी ओळखीचे होते, वडील, भाऊ किंवा परिचित. असे कोणी असेल, तर काही आठवडे त्यांच्याकडे उमेदवारी करणे हे कोणत्याही वर्गातल्या शिक्षणापेक्षा मोलाचे ठरते. त्याच वेळी या निवडीची किंमतही मोजून पाहावी. टोमणे, छळ, अवेळी प्रवास, एकटीने माल उचलण्याची वेळ, या अडचणी खऱ्या आहेत आणि केवळ धाडसाच्या जोरावर त्या झेलाव्यात असे कोणी सुचवू नये. सोबतीला दुसरी स्त्री घेणे, कामाची जागा वर्दळीच्या ठिकाणी ठेवणे, पैसे फोनवरून स्वीकारणे यांनी त्या काही प्रमाणात कमी होतात.

व्यवसायाच्या पैशाला वेगळे घर द्यावे

श्रीलंकेत २००५ च्या सुमारास छोट्या व्यावसायिकांना परतफेडीची अट न घालता भांडवल देऊन पुढे काय होते ते पाहिले गेले. पुरुषांचा नफा चांगला वाढला, स्त्रियांच्या नफ्यात सरासरीने वाढ दिसली नाही. घानातील अशाच प्रयोगात स्त्रियांना रोख रक्कम दिल्यावर परिणाम झाला नाही. तीच मदत वस्तुरूपात, म्हणजे माल किंवा साधनांच्या रूपात दिल्यावर ज्यांचा व्यवसाय आधीच बऱ्यापैकी चालत होता त्यांचा नफा वाढला. स्त्रियांना भांडवल वापरता येत नाही, असा निष्कर्ष यातून घाईने काढला गेला. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने भारत, श्रीलंका आणि घाना येथील माहिती कुटुंबाच्या दृष्टीने पुन्हा तपासली. ज्या घरात स्त्रीचा व्यवसाय हा एकमेव व्यवसाय होता, तेथे तिला मिळालेल्या भांडवलाने पुरुषांइतकाच परतावा दिला. ज्या घरात पतीचाही व्यवसाय होता, तेथे तिच्या नावाने आलेला पैसा बऱ्याचदा त्याच्या व्यवसायात गेला.

त्यात दरवेळी जबरदस्तीच असते असे नाही. पतीच्या व्यवसायात नफा अधिक असेल, तर एकत्रित उत्पन्नाच्या दृष्टीने तसे करणे कुटुंबाला शहाणपणाचे वाटू शकते. परंतु कर्ज स्त्रीच्या नावावर, हप्त्याची जबाबदारी तिची आणि वाढ दुसऱ्याच्या व्यवसायाची, असा व्यवहार असेल तर तो किमान डोळे उघडे ठेवून, बोलून ठरवलेला असावा. रक्कम हाती येण्यापूर्वी पतीशी किंवा घरातील कमावत्या माणसांशी बसून यातील किती पैसा कोठे जाणार हे कागदावर मांडावे, आणि एखादी रक्कम दुसऱ्या व्यवसायाला दिलीच तर ती उसनी म्हणून, परतफेडीच्या तारखेसह, वहीत नोंदवावी. हे बोलणे अवघड जाते, पण पैसा घरात आल्यानंतर ते त्याहून अवघड होते.

त्यानंतरची पायरी खात्याची. युगांडात एका सूक्ष्मवित्त संस्थेकडून, म्हणजे गरजूंना छोटी कर्जे देणाऱ्या संस्थेकडून, कर्ज घेणाऱ्या सुमारे ३,००० स्त्रियांपैकी काहींना कर्जाची रक्कम हातात रोख न देता केवळ व्यवसायासाठी उघडलेल्या त्यांच्या स्वतःच्या मोबाइल खात्यात दिली गेली. आठ महिन्यांनी या स्त्रियांचा नफा रोख रक्कम घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी अधिक आढळला, आणि घरच्यांकडून पैशाची मागणी जास्त होत असे त्यांना हा फायदा अधिक झाला. मलावीत असे दिसले, की व्यवसायाची केवळ नोंदणी करून दिल्याने स्त्रियांच्या नफ्यात फरक पडला नाही. नोंदणीसोबत बँकेची माहिती देऊन व्यवसायाच्या नावाने खाते उघडून दिले तेव्हा विक्री आणि नफा दोन्ही वाढले. नोंदणी करावीच, पुढे मोठे ग्राहक आणि सरकारी खरेदी यांसाठी ती लागते, पण तिच्या पाठोपाठ व्यवसायाचे खाते उघडले नाही तर ते प्रमाणपत्र भिंतीवर लटकत राहते. केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘एम-पेसा’ या मोबाइलवरून पैसे पाठवण्या-ठेवण्याच्या सेवेचा दीर्घकालीन परिणाम तपासणाऱ्या २०१६ च्या अभ्यासानुसार सुमारे १,८५,००० स्त्रियांनी या सेवेमुळे शेतीऐवजी व्यवसाय हे आपले मुख्य काम केले. पैसा ठेवण्यासाठी स्वतःची, दुसऱ्याला न दिसणारी जागा मिळणे याला केवढे महत्त्व आहे, ते यावरून समजते.

बँक दूर असेल किंवा खात्याची सोय नसेल, तरीही पैसा वेगळा ठेवता येतो. डोमिनिकन प्रजासत्ताकात काही छोट्या व्यावसायिकांना रीतसर हिशेबशास्त्र शिकवले गेले आणि काहींना फक्त साधे ठोकताळे सांगितले गेले: व्यवसायाचे पैसे एका खणात आणि घरचे दुसऱ्या खणात ठेवा, स्वतःला ठरावीक पगार द्या, आणि एका खणातून दुसऱ्यात रक्कम गेली तर चिठ्ठी लिहून ठेवा. रीतसर शिक्षणाचा फारसा परिणाम दिसला नाही. ठोकताळे शिकलेल्यांच्या हिशेबाच्या सवयी खरोखर सुधारल्या. हे मला फार आश्वासक वाटते, कारण यासाठी शाळेत किती शिकलो याचा संबंध नाही.

यातला ‘ठरावीक पगार’ हा भाग मात्र कधीही गाळू नये. गल्ल्यातून लागतील तसे पैसे उचलणारी स्त्री घरासाठी किती देते हे कोणालाच दिसत नाही, तिला स्वतःलाही नाही. दर आठवड्याला एका दिवशी एक रक्कम उचलली, की घरातला वाटा स्पष्ट होतो, आणि मधल्या काळात कोणी नातेवाइकाने पैसे मागितले तर ‘माझा पगार झाला आहे, उरलेले पैसे व्यवसायाचे आहेत’ हे खरे उत्तर हाताशी असते. नफ्यातील काही भाग लगेच मालात किंवा साधनांत गुंतवून टाकणे हाही मागण्यांपासून पैसा वाचवण्याचा जुना आणि परिणामकारक मार्ग आहे. घानातील वस्तुरूप मदतीचा अनुभव हेच सांगतो. भिशीसारख्या फिरत्या बचतगटातही हाच गुण असतो. तेथे पैसा आपल्याजवळ नसल्यामुळे तो मागता येत नाही, मात्र व्यवसायाला रक्कम लागण्याचा महिना आणि भिशी मिळण्याचा महिना जुळवून घ्यावा लागतो.

तासांचा हिशेब

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात दररोज सुमारे १६.४ अब्ज तास बिनपगारी देखभालीच्या कामात जातात आणि त्यांतील तीन-चतुर्थांशाहून अधिक काम स्त्रिया करतात. व्यवसाय सुरू केल्याने हे तास आपोआप कमी होत नाहीत. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यात, प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी, आपला दिवस जसा जातो तसा तासातासाने लिहून काढावा आणि त्यात सलग मोकळे असे किती तास सापडतात ते पाहावे. मधूनमधून मिळणारी वीस मिनिटे शिलाई उसवायला किंवा निरोपांना उत्तरे द्यायला पुरतात, पण नवा पुरवठादार शोधायला किंवा मोठ्या ग्राहकाशी दर ठरवायला नाही, आणि व्यवसाय वाढतो तो या दुसऱ्या प्रकारच्या कामांमुळे. आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास सलग मिळावेत एवढी व्यवस्था करणे हे पहिले उद्दिष्ट ठेवावे.

त्यासाठी मुलांना सांभाळणाऱ्या व्यक्तीला पैसे द्यावे लागत असतील, तर तो खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून वहीत लिहावा. बहुतेक स्त्रिया तो वहीत न लिहिता स्वतःच्या नफ्यातून गुपचूप भागवतात आणि मग व्यवसाय आहे त्यापेक्षा अधिक फायद्याचा भासतो, दर कमी लावले जातात आणि थकवा कोठून येतो ते कळत नाही. स्वतःच्या श्रमाचेही तेच. दर ठरवताना माल, वीज, भाडे, वाहतूक यांच्यासोबत आपले तासही मांडावेत. घरातील इतरांना कामे वाटून देण्याबाबत ‘मदत करा’ असे मोघम सांगण्यापेक्षा एक निश्चित काम, एका निश्चित व्यक्तीकडे, एका निश्चित वेळी सोपवणे अधिक टिकते.

कर्ज घेताना

अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशात सुरू केलेल्या, गरिबांना विनातारण छोटी कर्जे देण्याच्या प्रयोगातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली, आणि तारण नसलेल्या स्त्रियाही कर्ज वेळेवर फेडतात हे जगाने पाहिले. त्याआधीच, १९७२ मध्ये इला भट्ट यांनी अहमदाबादेत ‘सेवा’ ही स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभारली होती आणि १९७४ मध्ये त्या संघटनेच्या सदस्यांनी स्वतःची सहकारी बँक काढली होती. या कामाचे मोल मोठे आहे. तरीही सूक्ष्मकर्जाविषयी वाजवी अपेक्षा ठेवाव्यात. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतील अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. कर्जामुळे काम निवडण्याची मोकळीक मिळाली आणि काही प्रमाणात व्यवसायाचा विस्तार झाला, पण घराचे सरासरी उत्पन्न पालटून गेल्याचे आढळले नाही, असा त्यांचा सूर होता.

कर्जाच्या अटींमध्ये व्याजदराइतकेच पहिल्या हप्त्याच्या तारखेकडे पाहावे. कोलकात्यात एका संस्थेच्या स्त्री कर्जदारांपैकी काहींना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी भरण्याची सवलत दिली गेली. त्या स्त्रियांनी व्यवसायात अधिक रक्कम गुंतवली आणि जवळजवळ तीन वर्षांनंतर त्यांचा नफा इतरांपेक्षा बराच अधिक होता. त्यांच्यात कर्ज थकण्याचे प्रमाणही वाढले, कारण अधिक नफ्याच्या कामात अधिक चढउतार असतात. यावरून करायचे ते असे, की आपल्या व्यवसायात पैसा किती दिवसांनी परत येतो ते आधी मोजावे आणि हप्ता त्यापूर्वी सुरू होत असेल तर मुदत मागावी. मुदत मिळत नसेल, तर कर्जाचा आकार लहान करावा किंवा पहिल्या दोन हप्त्यांची रक्कम बाजूला काढून ठेवावी. गटाच्या हमीवर कर्ज घेताना इतर सदस्यांचा हप्ता चुकला तर आपल्यावर किती भार येईल हे लेखी समजून घ्यावे.

जमीन किंवा घर नावावर नसणे हा मोठ्या कर्जातला सर्वांत कठीण अडसर आहे आणि तो एकट्या स्त्रीच्या हुशारीने दूर होणारा नाही, हे स्पष्टपणे म्हणायला हवे. काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात विवाहित स्त्रीला व्यवसायाची नोंदणी करायला, बँकेत खाते उघडायला पतीची परवानगी लागत असे. ती अट २०१६ च्या कायदादुरुस्तीने गेली. आपल्या देशातील कायदा काय म्हणतो हे स्वतः तपासावे, कारण कायदा बदलल्यानंतरही कचेरीतील माणसे पतीची सही मागत राहतात असे घडते. अशा वेळी नियमाची प्रत हातात असलेली बरी. यंत्र, साठा किंवा ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम यांवरही तारण म्हणून कर्ज मिळते का, हे बँकेत विचारावे. स्थावर मालमत्तेवाचून कर्ज मिळण्याची हीच वाट अनेक देशांत आता खुली होत आहे.

प्रशिक्षण आणि सोबत

टोगोमध्ये १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीच्या व्यवसाय-प्रशिक्षणाने नफ्यात निश्चित म्हणता येईल अशी वाढ झाली नाही, तर स्वतःहून पुढाकार घेणे, अडचणी आधी ओळखणे आणि अपयशानंतर दुसरा मार्ग काढणे यांचा सराव करून घेणाऱ्या प्रशिक्षणाने नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. तेव्हा प्रशिक्षण निवडताना त्यात आपल्याच व्यवसायावर काम करून घेतात का, आणि प्रशिक्षक नंतर कामाच्या ठिकाणी येऊन पाहतात का, हे विचारावे. आणि एकटीने जाऊ नये. अहमदाबादेतील सेवा बँकेच्या ग्राहकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण देताना काहींना मैत्रिणीसोबत यायला सांगितले होते. चार महिन्यांनी व्यवसायासाठी कर्ज घेणाऱ्यांचे प्रमाण मैत्रिणीसोबत आलेल्यांमध्येच वाढलेले दिसले. जिथे स्त्रियांच्या वावरावर सामाजिक बंधने अधिक कडक होती, तिथे हा परिणाम आणखी ठळक होता.

त्या मैत्रिणीशी पुढेही महिन्यातून एकदा बसण्याचे ठरवून घ्यावे आणि दोघींनी आपापली वही समोर ठेवावी. त्या बैठकीत तीन नोंदी पाहाव्यात: उचललेला पगार, घराला किंवा दुसऱ्या व्यवसायाला गेलेली उसनी रक्कम, आणि वसूल न झालेली उधारी. सहाव्या महिन्याच्या बैठकीला सुरुवातीला लिहिलेला कागदही घेऊन जावे आणि दरमहाचा आकडा गाठला गेला नसेल, तर दर वाढवायचे, माल बदलायचा, की त्याच साधनांवर दुसरे काम सुरू करायचे, याचा निर्णय त्याच बैठकीत घेऊन वहीत तारखेसह लिहावा.